वैलावरचा चहा

लिहिण्याच्या टेबलावर ठेवायचे एक उपकरण अलीकडे बऱ्याच घरांत दिसू लागले आहे. बशीएवढी चपटी, गोल तबकडी. तिला एक वायर. वायरीचे टोक भिंतीतल्या प्लगात. तबकडीवर चहाचा मग ठेवला की तो तास-दोन तास ऊन राहतो. एवढेच तिचे काम. ती चहा करीत नाही, आधण ठेवीत नाही, दूध तापवीत नाही. दुसऱ्या कुणी केलेला चहा निवू द्यायचा नाही, हे एकच व्रत घेऊन ती बसलेली असते. तिची भूकही बेताची, साधारण २० वॉटची. रात्री माजघरात जळत राहणाऱ्या जुन्या झिरोच्या दिव्याहून थोडी अधिक. दिवसाचे ८ तास चालू ठेवली तरी विजेच्या एका युनिटचा जेमतेम सहावा हिस्सा खाते.

हिला एक इंग्रजी नाव आहे आणि दुकानात तेच चालते. मी मात्र तिला वैल म्हणतो. ज्यांचे लहानपण मातीच्या चुलीशेजारी गेले त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. चुलीच्या मुख्य तोंडाखाली जाळ असे. त्याच्या बाजूला आणखी एक लहान तोंड असे, त्याखाली वेगळा जाळ नसे. मुख्य चुलीतली धग आडवाटेने तिकडे जाई आणि त्या उरल्यासुरल्या धगीवर आमटीचे पातेले, दुधाचे भगुले, उशिरा येणाऱ्याचा भात असे काही ना काही ऊन राही. चुलीवर स्वयंपाक होई आणि वैलावर वाट पाहणे होई.

टेबलावरची तबकडी म्हणजे विजेचा वैल, असे म्हटले तर कुणी मला अडवणार नाही. परंतु दोहोंत फरक आहे आणि तो नुसता लाकडाचा व विजेचा नाही. गरम ठेवणे ही गोष्ट चांगली खरी. पण कुणी ठेवायचे, कुणासाठी ठेवायचे आणि किती वेळ ठेवायचे? सणासुदीच्या दिवसांत, चकलीचा तुकडा तोंडात असताना, असला प्रश्न काढणे बरे नव्हे हे मला कळते. पण चकलीबरोबर चहा लागतोच, आणि चहा निघाला की हा प्रश्न फार लांब राहत नाही.

आधी चहा निवतो कसा ते पाहू. कपात ओतलेला चहा ८०-८५ अंशांच्या आसपास असतो. जिभेला सुखाचा वाटतो तो ६० च्या आगेमागे. (कढत चहा घटाघट पिण्याची फुशारकी मिरवणाऱ्या मंडळींनी एक ध्यानात ठेवावे. ६५ अंशांहून अधिक ऊन पेये कर्करोगाला बहुधा कारण होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१६ साली जाहीर केले आहे.) आणि एकदा का तो कोमट झाला की तो चहा राहत नाही, काढा होतो. म्हणजे चांगल्या चहाचे आयुष्य किती, तर दहा-पंधरा मिनिटांचे. पदार्थ भोवतालच्या हवेहून जितका अधिक ऊन, तितका तो झपाट्याने निवतो, आणि हवेच्या जवळ येऊ लागला की रेंगाळतो. हा नियम न्यूटनने १७०१ साली एका निनावी निबंधात मांडला. त्याचा घरगुती अर्थ असा की चहाचे जे काही गमवायचे ते पहिल्या काही मिनिटांतच गमावले जाते. पुढचा तासभर तो नुसता पडून असतो.

याच न्यूटनची एक गोष्ट सांगतात. अंडे उकडायला ठेवायचे म्हणून त्याने घड्याळ हातात घेतले, आणि काही वेळाने बाई येऊन पाहते तो अंडे हातात आणि घड्याळ उकळत्या पाण्यात! गोष्ट खरी असो की खोटी असो, ती आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. विद्वानाच्या टेबलावर गार झालेला चहा हे आपल्याकडे तपश्चर्येचे लक्षण मानले जाते. 'कामात इतके बुडाले होते, की चहा आणून ठेवल्याचे भान नाही.' वाक्य कानाला गोड लागते. पण त्या वाक्यात चहा आणून ठेवणारे जे कुणी आहे त्याचे काय? त्या घरात पाण्याखालचा विस्तव पाहायला, घड्याळ पातेल्यातून काढायला आणि दुसरे अंडे उकडायला बाई होती, म्हणून न्यूटनला न्यूटन राहता आले. ज्या घरात एकाला विसरण्याची मुभा असते, त्या घरात दुसऱ्या कुणाला तरी सगळे लक्षात ठेवावे लागते. त्या बाईच्या विसरभोळेपणाच्या गोष्टी कुणी सांगत नाही. तिला विसरण्याची सोयच नव्हती.

उष्णता राखायच्या माणसाने अनेक युक्त्या काढल्या. सगळ्यांत स्वस्त युक्ती बशीची. उघड्या पेल्यातली बरीचशी उष्णता वाफेच्या वाटेने निघून जाते. पेल्यावर बशी पालथी घातली की ती वाट बंद होते. आपल्या काकू-मावशांना हे कुणी शिकवले नव्हते. दुसरी युक्ती थर्मासची. लंडनमध्ये जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ साली दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेले भांडे तयार केले, आणि मौज अशी की त्याला त्यात गरम काही ठेवायचे नव्हते. अतिशय थंड करून द्रवरूप केलेले वायू ठेवायचे होते. थंडासाठी काढलेल्या त्या भांड्यात चहा भरण्याचे डोके जर्मन कारागिरांचे. त्यांनी १९०४ साली 'थर्मास' नावाने धंदा सुरू केला; ड्यूअरने पेटंट घेतलेले नव्हते, त्यामुळे त्याच्या हाती काही लागले नाही. इस्पितळातल्या खाटेशेजारी, रात्रीच्या एस.टी.त, परीक्षेच्या दिवसांत मुलाच्या टेबलावर हा थर्मास आपण सर्वांनी पाहिला आहे. तो नवी उष्णता देत नाही. असलेली जाऊ देत नाही. आणि त्याचे झाकण उघडेपर्यंत आतले कुणाला दिसत नाही, म्हणून त्याच्यात चहा भरणाऱ्याचा जीव सारखा त्याच्याभोवती घुटमळत नाही.

तबकडीचा न्याय वेगळा आहे. ती सांडलेली धग परत परत भरत राहते. हिशेबाची आवड असलेल्यांसाठी सांगतो: दीडशे मिलिलिटर चहा ३० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे १९ हजार ज्यूल उष्णता पुरते, २० वॉटची तबकडी तासाभरात ७२ हजार ज्यूल खर्च करते. म्हणजे एकदा निवू दिलेला चहा पुन्हा तापवण्यापेक्षा तो तासभर निवू न देणे कितीतरी महाग. भांडे तापवण्यातला अपव्यय धरला तरी हिशेब फारसा उलटत नाही. पैशात मोजले तर ही रक्कम क्षुल्लक आहे, तीवर कुणी भांडू नये. पण राखणे हे करण्यापेक्षा महाग असते, ही गोष्ट मात्र मनात राहू द्यावी. केलेला स्वयंपाक तासाभरात होतो. तो रात्री अकरापर्यंत ऊन ठेवण्यात संध्याकाळ जाते. ही किंमत कोणी तरी सतत मोजत असते. ती विजेच्या मीटरवर उठते तेव्हा निदान दिसते तरी. पूर्वी ती ज्या मीटरवर उठत होती त्याचा आकडा वाचायला कुणी येत नसे.

आता थोडे आपल्या घरांविषयी. गरम पोळी हा पदार्थ आहे अशी सर्वांची समजूत असते. वास्तविक ती एक व्यवस्था आहे. तव्यावरची पोळी थेट ताटात पडायची असेल तर तव्यापाशी जो उभा आहे त्याने त्या पंगतीत बसता कामा नये. पहिली पंगत पुरुषांची, मग मुलांची, आणि मग स्वयंपाकघरातच उरल्यासुरल्यावर बायकांची; ही पद्धत आपल्याकडे कितीतरी घरांत चालली आणि काही घरांत नव्या रूपात अजून चालते. ऊन ऊन वाढण्याची हौस असणारी ती बाई स्वतः जेवायला बसे तेव्हा वैलही निवलेला असे. उशिरा येणाऱ्या कारभाऱ्याचा भात वैलावर; तिच्या स्वतःच्या चहासाठी तिने कधी वैल अडवल्याचे मला स्मरत नाही. तिच्या वाटणीचा कप ओट्याच्या कडेला असे, त्यावर साय धरलेली असे, आणि मध्येच आठवण झाली म्हणजे ती उभ्याउभ्या, तोंड न वेडावता तो संपवून टाकी. चहा पिणे हा शब्द त्या कृतीला मोठा होईल. तो चहा ती आटोपून टाकी.

म्हणून चुलीच्या आठवणींनी ज्यांचे डोळे भरून येतात त्यांच्याशी माझे फारसे जुळत नाही. चुलीने डोळे भरून येतच असत; धुराने येत असत. फुंकणी ज्यांच्या हातात नव्हती त्यांनाच वैल रम्य वाटतो. स्टोव्ह आला तेव्हा घराची माया गेली म्हणून ओरड झाली, गॅस आला तेव्हा अन्नाची चव गेली म्हणून झाली. तशीच या तबकडीविरुद्ध ओरड करायची असेल तर ती मी करणार नाही. वाट पाहण्याचे काम यंत्राने अंगावर घेतले तर बिघडले कोठे? ताटकळत राहणे ही काही कुणाच्या जन्माची शोभा नव्हे.

दिवाळीच्या दिवसांत हे विशेषच जाणवते. नरकचतुर्दशीचा तांब्याचा बंब आठवा. मध्ये नळी, नळीत ढलप्या आणि गोवऱ्या, भोवती पाणी, खाली तोटी. उजाडायच्या आत सर्वांची अभ्यंगस्नाने व्हायची म्हणून तो बंब सगळ्यांच्या आधी पेटत असे, आणि तो पेटवणारे माणूस अर्थातच सगळ्यांच्या आधी उठत असे. पहिल्या आंघोळीला कढत पाणी, उटणे, वर फटाक्याचा मान. शेवटच्या आंघोळीला बंबात उरले असेल ते. ती शेवटची आंघोळ कुणाची, हे मी विचारीत नाही. ज्याच्या त्याच्या घरचे ज्याने त्याने आठवावे.

बंबाचा एक सख्खा भाऊ परदेशात आहे: रशियातला समोवार. तोच घाट; मध्ये निखाऱ्यांची नळी आणि भोवती पाणी, खाली तोटी. मॉस्कोच्या दक्षिणेला तुला नावाचे शहर आहे, ते या समोवारांसाठी प्रसिद्ध. आपल्या काश्मीरमध्येही समोवार आहे, त्यात चहा आणि कहवा ऊन राहतो, आणि इराण्यांनी तो मुंबईच्या आपल्या हॉटेलांत आणला. मला समोवाराचा हेवा वाटतो तो त्याच्या कारागिरीसाठी नव्हे. समोवार एका माणसासाठी पेटवताच येत नाही. तो पेटला म्हणजे घरात चार माणसे आहेत, किंवा यायची आहेत. कुणी उशिरा आले तर त्याच्यासाठी वेगळे उठावे लागत नाही. तोटी फिरवायची, कप भरायचा, आणि भरणाराही तिथेच, त्याच चटईवर, आपला कप हातात घेऊन बसलेला. राखलेली ऊब तिथे मध्ये असते आणि माणसे भोवती. टेबलावरच्या तबकडीवर मात्र एकच मग मावतो. समोवार न आलेल्या पाहुण्याची वाट पाहतो. तबकडी समोरच बसलेल्या माणसाची वाट पाहते. हातभर अंतरावर चहा आहे, माणूसही आहे, आणि तरी त्याने यावे म्हणून यंत्राला थांबून राहावे लागते! अकबराच्या दरबारात बिरबलाने उंच टांगलेली खिचडी आपण लहानपणी ऐकली. तिथे विस्तव दूर होता. इथे विस्तव अगदी बुडाशी आहे, खाणाराच दूर गेला आहे.

कोठे गेला आहे? बहुधा पडद्यात. एक पत्र उघडले, त्यातून दुसरे निघाले, मग तिसऱ्याला उत्तर. मान वर झाली तेव्हा तास उलटला. पूर्वी अशा वेळी चहा त्याला सांगे. कप तोंडाला लावला की गार घोट जिभेवर येई आणि त्यातून कळे की बाबा रे, तास गेला. निवणे हे चहाचे घड्याळ आहे. त्याला दुसरे घड्याळ नाही. तबकडी काळ थांबवीत नाही, ते कुणाच्या हाती नाही. ती फक्त हे घड्याळ बंद करते. तासाभरानेही घोट ऊनच लागतो आणि माणसाला वाटते, आत्ताच तर आणून ठेवला.

जीभ मात्र पुरती फसत नाही. चहा ऊन राहिला तरी ताजा राहत नाही. त्याचा तुरटपणा वाढतो, पाणी उडून तो दाट होतो, दुधाची साय धरते, आणि दुधाचा पदार्थ तासन्‌तास कोमट ठेवणे आरोग्यालाही बरे नव्हे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस माणसाला आवडणाऱ्या अन्नाची लक्षणे दिली आहेत. त्यांत पहिला शब्द 'यातयाम' असा आहे. सरळ अर्थ घेतला तर ज्याच्यावरून एक याम, म्हणजे प्रहर, निघून गेला आहे ते. त्याला लागून लगेच 'गतरस' येतो. मला या क्रमाची गंमत वाटते. अन्न गार झाले असे तिथे म्हटलेले नाही. त्याच्यावरून वेळ गेली, असे म्हटले आहे. धग परत घालता येते. गेलेला प्रहर परत घालता येत नाही, आणि रस त्या प्रहराबरोबर गेलेला असतो.

इथपर्यंत सगळे ठीक आहे. बेपर्वा माणसाने आपला चहा आपल्या बेपर्वाईत आटवला तर त्याचे त्याने पाहावे. त्यात नीती-अनीतीचा प्रश्न आणायचे कारण नाही. परंतु चहा निवण्याचे बेपर्वाई हे एकच कारण नसते.

माझी एक भाची डोंबिवलीला असते. पदरी दहा महिन्यांचे मूल. स्वतःची नोकरी, ती बरेचदा घरी बसून करायची. नवऱ्याचीही नोकरी आठवड्यातले काही दिवस घरूनच. मध्यंतरी बोलता बोलता ती म्हणाली, की बाळ झाल्यापासून तिने एकही कप ऊन चहा प्यायलेला नाही. हसत म्हणाली. हे वाक्य लहान मुलांच्या आयांकडून मी इतक्यांदा ऐकले आहे, आणि दर वेळी ते हसतच सांगितले गेले आहे. कप हातात घेतला की बाळ उठते. बाळ निजले की सासूबाईंचे औषध असते. तेवढ्यात कामाचा फोन येतो. कप ओट्यावर तसाच. आमच्या जावयांच्या मनाला ते वाक्य लागले. माणूस भला आहे. त्यांनी मनात धरले, की यंदा पाडव्याच्या ओवाळणीत हिला ती विजेची तबकडी द्यायची. भाचीला सुगावा लागला आणि तिने मला फोनवर विचारले, "मामा, चांगली असते का हो ती वस्तू?"

वरचा सगळा विचार मला या प्रश्नाने करायला लावला. जावयांच्या चहाकडे पाहा आणि भाचीच्या चहाकडे पाहा. दोघांचेही चहा निवतात. त्यांचा निवतो तो ते जागेवरून उठत नाहीत म्हणून. तिचा निवतो तो तिला जागेवर बसू देत नाहीत म्हणून. पहिल्या चहाला कुणी हाक मारलेली नसते. दुसऱ्याला सारखी कुणाची तरी हाक असते. तबकडीला हा फरक कळण्याचे कारण नाही. ती दोन्ही मगांना सारखेच ५५-६० अंश देईल, आणि दोघेही तिला दुवा देतील.

पण भाचीच्या ओट्यावरचा गार चहा नुसता गार चहा नव्हता. ती एक साक्ष होती. आज सकाळी इथे एक माणूस बसले होते, ते उठवले गेले, आणि त्यानंतर त्याला परत येऊ दिले गेले नाही, असे तो कप सांगत होता. कुणाच्या नजरेस तो पडला असता तर त्याने विचारले असते, की हिचा चहा रोज गार का होतो? त्या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रात नाही. उत्तर घरात आहे: बाळ रडले तर उठायचे कुणी, औषधाची वेळ ध्यानात ठेवायची कुणी, दोघांचेही कामाचे फोन एकाच वेळी वाजले तर कुणाचा अधिक महत्त्वाचा. तबकडी आली की कप ऊन राहील आणि साक्ष पुसली जाईल. घरातल्या कुणालाच विचारायचे कारण उरणार नाही. तिला स्वतःलाही नाही. चहा ऊन आहे, मग तक्रार कसली?

मला भीती आहे ती एवढीच. यंत्राने बाईचे काम हलके करणे निराळे आणि यंत्राने घरच्या मंडळींना तिच्याकडे पाहण्यापासून मोकळे करणे निराळे. धुणे धुण्याचे यंत्र पहिल्या जातीचे आहे. त्याने खरोखरच पाठ वाचवली. ही तबकडी कोणत्या जातीची ठरेल ते ती कशासाठी आणली यावर अवलंबून आहे. रात्रपाळीच्या परिचारिकेच्या टेबलावर ती असेल तर मी हात जोडीन. तिला घंटी वाजली की उठलेच पाहिजे, ती घंटी तिच्याऐवजी दुसऱ्याने ऐकण्याची सोय त्या वेळी नसते, आणि रोग्याजवळून परत आल्यावर दोन घोट ऊन मिळाले तर तो जगाने तिला केलेला एक लहानसा नमस्कार आहे. एकट्याने राहणाऱ्या, हात कापणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सारखे गॅसपाशी जावे लागू नये म्हणून ती असेल, तर तेही उत्तम. पण ज्या घरात दुसरे दोन धडधाकट हात शेजारच्याच खोलीत आहेत, तिथे ती त्या हातांच्या ऐवजी आणली जात आहे का, हे पाहायला हवे.

कुणी म्हणेल, एका वस्तूवर एवढा संशय! माणूस प्रेमाने काही आणतो आहे, तर त्यात खोट कशाला काढावी? प्रेमाबद्दल माझा वाद नाही. वैलावर भात ठेवणाऱ्या बाईच्या मनातही माया होती. तिला कुणी सक्ती केली होती असे म्हणणे हा तिच्यावर अन्याय होईल. पण मायेचे एक पाहायचे असते. ती एकाच दिशेने किती वर्षे वाहते आहे? माझ्यासाठी भात ऊन ठेवणाऱ्या माणसासाठी मी कधी काही ऊन ठेवले का? या प्रश्नाला आपल्या मागच्या पिढ्यांतल्या पुरुषांची उत्तरे फारशी चांगली यायची नाहीत. जावयांची पिढी त्या मानाने पुष्कळ पुढे आहे. त्यांना बायकोचा चहा गार होतो हे निदान ऐकू तरी आले.

म्हणून भाचीला मी सांगितले, "वस्तू चांगली आहे. घे. पण फोन जरा जावयांकडे दे." ते आले. त्यांना मी विचारले, की सकाळी चहा होतो किती वाजता? म्हणाले, सव्वासातला. "मग असे करा," मी म्हटले, "ओवाळणीत ती तबकडी द्याच, आणि तिच्यासोबत सव्वासात ते साडेसात एवढी पंधरा मिनिटे द्या. बाळ तुमच्या कडेवर, तुमच्या आईंचे औषध तुमच्या हातून, आणि फोन कुणाचाही वाजला तरी तो तुम्ही ऐकायचा. चहाचे आयुष्य तेवढेच असते. तो तिने बसून प्यायचा."

पलीकडे थोडी शांतता पसरली. मग ते म्हणाले, "मामा, सव्वासातला माझी एक मीटिंग असते."

"अहो, मग तबकडी तुम्हीच ठेवून घ्या," असे मी म्हणणार होतो, पण तेवढ्यात मागून बाळाचा आवाज आला, आणि फोन कुठेतरी टेकवून ठेवल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ नुसते बाळाचे रडणे आणि एका पुरुषाचे बडबडगीत, तेही बेसूर, ऐकू येत राहिले. अखेर भाचीने फोन उचलला.

"मामा, काय सांगितलेत हो त्यांना?"

मी सांगितले.

"दोन्ही चालेल," ती म्हणाली. "पण आधी पंधरा मिनिटे. तबकडी मागाहून आली तरी हरकत नाही."

तबकडी मागवलेली आहे आणि पाडव्याच्या आत ती पोचेल असे दुकानदार म्हणतो. मीटिंगची वेळ बदलता येते का याची चौकशी चालू आहे असे जावई म्हणतात. भाऊबीजेला मी बहिणीकडे जाणार आहे, भाचीही बाळाला घेऊन तिथेच येईल. काय झाले ते तेव्हा कळेल.